अख्खा ब्राउटिगन

१९६८च्या वसंतात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एक कवितासंग्रह लोकांना फुकट वाटला जात होता. त्याला बांधणी नव्हती, पानंही नव्हती. घडीच्या पुठ्ठ्यात ठेवलेली बियांची आठ पाकिटं, एवढंच ते पुस्तक. चार पाकिटं फुलझाडांची, चार भाजीपाल्याची: शास्ता डेझी, कॅलेंड्युला, गाजर, लेट्यूस वगैरे. प्रत्येक पाकिटाच्या एका अंगाला कविता छापलेली आणि दुसऱ्या अंगाला बी कसं पेरायचं याच्या सूचना. 'प्लीज प्लांट धिस बुक' असं त्याचं नाव. कवी होता रिचर्ड ब्राउटिगन, वय वर्षं तेहतीस. ज्यांनी त्याचं ऐकून पाकिटं फोडली आणि बी मातीत टाकलं, त्यांच्याजवळ पुस्तक उरलं नाही. ज्यांनी ती तशीच जपून ठेवली, त्यांच्याकडचा संच आज दुर्मीळ पुस्तकांच्या बाजारात चढ्या भावाने जातो.

ब्राउटिगनचं जे चित्र अमेरिकेत रूढ झालं, त्याला ही बियांची पाकिटं अगदी शोभून दिसतात. सहा फूट चार इंच उंची, लांब सोनेरी केस, ओठांच्या दोन्ही कडांना उतरलेल्या भरघोस मिशा, चष्मा, डोक्यावर रुंद काठाची हॅट. व्हिएतनाम युद्धाला आणि आईबापांच्या सुखवस्तू घरांना विटलेली जी पोरं हेट-ॲशबरी या वस्तीत जमली होती, त्यांचा तो लाडका लेखक झाला. हिप्पींची लाट ओसरली तशी समीक्षकांनी त्यालाही तिच्याबरोबर वाहून जाऊ दिलं. गोड, भाबडा, थोडा चक्रम, त्या काळापुरता, ही विशेषणं त्याला जी चिकटली ती पुरती निघालीच नाहीत. मला हा निवाडा चुकीचा वाटतो. हयातीत निघालेल्या दहा कादंबऱ्या, लहानमोठे जवळपास तितकेच कवितासंग्रह, एक कथासंग्रह आणि मृत्यूनंतर आलेली पुस्तकं ओळीने लावून वाचली, तर त्यांत केसांत फुलं माळलेला हिप्पी फार थोडा सापडतो. पानोपानी भेटतो तो गरिबीत वाढलेला एक मुलगा. जे त्याच्या वाट्याला आलं नाही आणि जे येऊन निसटलं, त्याची नोंद तो जन्मभर ठेवत राहिला.

३० जानेवारी १९३५ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा शहरात त्याचा जन्म झाला. महामंदीची झळ अजून सरली नव्हती. आईवडील त्याच्या जन्माआधीच वेगळे झाले होते. पुढे आईबरोबर एका घरातून दुसऱ्या घरात, एका सावत्र बापाकडून दुसऱ्याकडे, कधी सरकारी मदतीवर, असं त्याचं बालपण गेलं. शाळेत त्याचं आडनाव पोर्टरफिल्ड होतं. ब्राउटिगन हे जन्मदात्याचं नाव त्याने शाळा संपता संपता घेतलं. कुटुंब ऑरेगनमधल्या युजीन गावी स्थिरावलं. अमेरिकेचा हा वायव्य कोपरा पावसाचा, देवदारांचा आणि ओढ्यांचा. त्या ओढ्यांत ट्राउट मासे असत. गळ टाकून मासे धरणं हा श्रीमंतांचा छंद असेल. या मुलाच्या लेखी ते जेवण होतं, आणि घरापासून दूर राहण्याचं निमित्तही.

विशीत त्याच्या आयुष्यात एक प्रसंग घडला, ज्याबद्दल तो पुढे फारसा बोलला नाही. १९५५च्या डिसेंबरमध्ये त्याने पोलीस ठाण्याच्या काचेवर दगड मारला. तुरुंगात टाकलं तर निदान खायला मिळेल, असा त्याचा हिशोब असल्याचं सांगतात. खायला मिळालं, पण रवानगी झाली सेलमच्या राज्य मनोरुग्णालयात. तिथे त्याला विजेचे झटके देण्यात आले. हे तेच रुग्णालय, जिथे पुढे 'वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट' या चित्रपटाचं चित्रीकरण झालं. त्याच वर्षी, तिथे जाण्याआधी, त्याने आपल्या मित्राच्या आईला, एडना वेबस्टर यांना, हस्तलिखितांचा एक गठ्ठा देऊन टाकला होता. पुढेमागे मी प्रसिद्ध झालो तर यावर तुमचं म्हातारपण निघेल, अशी त्यामागची भावना. या लिखाणाचं पुस्तक १९९९ साली निघालं. त्यातल्या कविता कच्च्या आहेत, पण दोन-तीन ओळींत एखाद्या गोष्टीचा जीव पकडून थांबण्याची सवय त्या वयातही दिसते.

रुग्णालयातून सुटल्यावर तो सॅन फ्रान्सिस्कोला आला. तिथे गिन्सबर्ग, केरुअॅक यांच्या बीट पिढीचा दबदबा होता. तो त्या गोतावळ्यात वावरला, पण कडेकडेने. बीट कवींचा श्वास लांब, ओळ लांब, आवाज चढा. याचं सगळं उलट. 'द गॅलिली हिचहायकर' या १९५८च्या चोपडीत फ्रेंच कवी बोदलेर सॅन फ्रान्सिस्कोत हॅम्बर्गरचं दुकान टाकतो आणि पावात मांसाऐवजी फुलं घालून गिऱ्हाइकांना देतो. ब्राउटिगनची रीत इथे तयार झालेली आहे: अशक्य गोष्ट हिशोबनिसाच्या स्वरात सांगायची आणि आपण होऊन हसायचं नाही.

हीच रीत 'ट्राउट फिशिंग इन अमेरिका'त पूर्ण ताकदीने उतरली. १९६१च्या उन्हाळ्यात तो बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन जुन्या गाडीतून आयडहोच्या डोंगरांत गेला. तंबू ठोकायचा, ओढ्याकाठी घडीचं टेबल मांडायचं आणि छोट्या टाइपरायटरवर लिहायचं. कवी जॅक स्पायसरने त्या हस्तलिखितावर त्याच्याबरोबर बसून मेहनत घेतली. पुस्तक अर्पण झालं आहे ते स्पायसर आणि कवी रॉन लोविनसन यांना.

याला कादंबरी म्हणायचं, पण कथानक नाही. चाळीसेक छोटी प्रकरणं आहेत. 'ट्राउट फिशिंग इन अमेरिका' हे शब्द कधी एका माणसाचं नाव होतात, कधी एका हॉटेलचं, कधी पेनच्या निबचं. सहावीतली मुलं पहिलीतल्या पोरांच्या पाठीवर तेच शब्द खडूने लिहून ठेवतात आणि मुख्याध्यापक त्यांना बोलावून घेतात. 'शॉर्टी' नावाचा पाय नसलेला दारुडा आहे. त्याचं नाव पुढे थेट चंद्रावर गेलं: १९७२ साली अपोलो १७चे अंतराळवीर उतरले त्या भागातल्या एका विवराला त्याच्यावरून 'शॉर्टी' म्हटलं गेलं, आणि नारिंगी माती सापडल्यामुळे ते विवर गाजलंही.

पण मजेच्या खाली काय आहे ते बघावं. एका प्रकरणात शाळकरी मुलगा दुरून पांढरा धबधबा बघतो. दुसऱ्या दिवशी आमिषासाठी पावाचा तुकडा घेऊन तो तिथे जातो. जवळ गेल्यावर कळतं की ती झाडीतल्या एका घराकडे जाणारी पांढरी लाकडी पायऱ्यांची रांग आहे. पाव तो स्वतःच खातो. दुसऱ्या प्रकरणात अंतर्गळ झालेला एक गरीब मुलगा कूल-एड या शरबताच्या पुडीत सांगितल्याच्या दुप्पट पाणी घालतो, साखर नसतेच, आणि दिवसभर तो ते पाणी एखादा विधी असावा तसं निगुतीने तयार करतो, पितो. यात कुठेही कीव नाही. लेखक त्या मुलाकडे वरून बघत नाही, त्याच्या शेजारी बसून बघतो. मला ब्राउटिगन मोठा वाटतो तो इथे.

आणि मग ते भंगारवाल्याचं प्रकरण. शहरातल्या पाडकामाच्या गोदामात वापरलेला ट्राउटचा ओढा विकायला ठेवला आहे. पहिल्या शंभर फुटांपर्यंत भाव फुटाला साडेसहा डॉलर, पुढे पाच. ओढ्याचे तुकडे रचून ठेवलेले, धबधबे वरच्या मजल्यावर जुन्या नळांच्या विभागात, पक्षी पस्तीस सेंटला एक, आणि कीटक ओढ्याच्या खरेदीवर फुकट. विक्रेता शांतपणे माहिती देतो, गिऱ्हाईक शांतपणे विचारतो. निसर्ग विकायला काढणाऱ्या देशावर पुष्कळांनी चिडून लिहिलं आहे. इथे चिडण्याचा एक शब्दही नाही, नुसता भावफलक आहे, आणि त्याचा वार खोल जातो. शेवटची दोन प्रकरणंही तशीच. आपलं पुस्तक मेयोनेज या शब्दावर संपावं, अशी इच्छा निवेदक बोलून दाखवतो आणि ती पुरी करतो. पण ज्या पत्राच्या ताज्या कलमात तो शब्द येतो, ते पत्र कुणाच्या तरी मृत्यूनंतरचं सांत्वनाचं आहे. हे वाचक सहसा विसरतात.

पुस्तक लिहून झालं तरी छापायला कुणी पुढे येईना. आधी निघाली ती नंतर लिहिलेली 'अ कॉन्फेडरेट जनरल फ्रॉम बिग सर', १९६४ साली, ग्रोव्ह प्रेसकडून. ती चालली नाही. 'ट्राउट फिशिंग' अखेर १९६७मध्ये डोनाल्ड ॲलन यांच्या फोर सीझन्स फाउंडेशन या छोट्या संस्थेने काढलं आणि तरुणांनी ते हातोहात उचललं. दोन वर्षांनी कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट यांच्या शब्दाखातर न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रकाशकाने ते, 'इन वॉटरमेलन शुगर' आणि एक कवितासंग्रह अशी तिन्ही एका खंडात आणली. लाखो प्रती खपल्या. मुखपृष्ठ बदलू द्यायला लेखक तयार नव्हता, कारण पहिलं प्रकरणच मुखपृष्ठावरच्या छायाचित्राचं वर्णन आहे: सॅन फ्रान्सिस्कोतल्या वॉशिंग्टन स्क्वेअर बागेतला बेंजामिन फ्रँकलिनचा पुतळा. छायाचित्रात त्या पुतळ्यापुढे स्वतः ब्राउटिगन आणि एक तरुणी आहे.

पैसा यायच्या आधीच्या दिवसांत तो डिगर्स या गटाच्या जवळ होता. हे लोक बागेत फुकट जेवण वाढत, सगळंच फुकट मिळेल असं दुकान चालवत. त्यांच्याशी जोडलेल्या कम्युनिकेशन कंपनीकडे गेस्टेटनरची यंत्रं होती, म्हणजे आपण ज्याला सायक्लोस्टाइल म्हणायचो ते. त्यावर पत्रकं निघत आणि ब्राउटिगन आपल्या कवितांची पत्रकं रस्त्यावर उभा राहून वाटत असे. १९६७च्या 'ऑल वॉच्ड ओव्हर बाय मशीन्स ऑफ लव्हिंग ग्रेस' या चोपडीच्या १५०० प्रती अशाच वाटल्या गेल्या. फुकट वाटणार असाल तर यातली कुठलीही कविता छापायला मुभा आहे, असं तीत छापलेलं होतं.

या शीर्षककवितेकडे आज नव्याने बघायला हवं. त्या वर्षाच्या सुरुवातीला तो कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या नामांकित तंत्रसंस्थेत निवासी कवी म्हणून काही दिवस राहून आला होता. कवितेत प्राणी आणि संगणक एकाच कुरणात सुखाने नांदतात. माणूस कष्टांतून सुटून पुन्हा प्राण्यांमध्ये जाऊन मिसळतो आणि यंत्रं सगळ्यांवर मायेने लक्ष ठेवतात. ही प्रार्थना आहे की धोक्याची सूचना, यावर आजही वाद होतो. बीबीसीसाठी ॲडम कर्टिस यांनी २०११ साली यंत्रांवरच्या आंधळ्या विश्वासाची चिकित्सा करणारी मालिका केली, तिला त्यांनी याच कवितेचं नाव दिलं. मला ती प्रार्थनाच वाटते. पण ज्याच्यावर लहानपणी लक्ष ठेवायला कुणी नव्हतं अशा माणसाने केलेली, म्हणून तिच्यात भीतीचाही सूर लागतो.

'इन वॉटरमेलन शुगर' ही त्याची सर्वांत विचित्र कादंबरी, आणि हिप्पींनी सर्वांत उलटी वाचलेली. १९६४ साली लिहिलेली ही कादंबरी छापून आली १९६८मध्ये. एक छोटी वसाहत आहे, तिथे जवळपास सगळं कलिंगडाच्या साखरेपासून बनतं. सूर्याचा रंग रोज वेगळा. गुरुवारी तो काळा असतो आणि त्या दिवशी आवाज नसतो. लोक एकत्र जेवतात, भांडत नाहीत. अनेकांना यात आदर्श कम्यून दिसला. मात्र याच पुस्तकात बोलणारे वाघ निवेदकाच्या आईवडिलांना त्याच्यादेखत खातात आणि खाताखाता त्याला गणितं सोडवायला मदत करतात. वसाहतीच्या कडेला जुन्या जगाच्या विसरलेल्या वस्तूंचे ढीग आहेत. त्यांत रमणाऱ्या मार्गारेटला सगळे टाळतात, आणि ती जीव देते. तिच्या मृत्यूचं दुःखही तिथे सौम्यपणे, रीतीप्रमाणे उरकलं जातं. दुःख न करणाऱ्या समाजाची किंमत काय, हे या कादंबरीइतकं थंडपणे त्या दशकात फार थोड्यांनी लिहिलं असेल.

'द ॲबॉर्शन' या १९७१च्या कादंबरीत एक ग्रंथालय आहे. तिथून पुस्तकं न्यायची नसतात, आणून ठेवायची असतात. ज्यांचं लिखाण कधी छापलं जाणार नाही अशी माणसं दिवसारात्री केव्हाही येतात, आपलं हस्तलिखित नोंदवतात आणि हव्या त्या फळीवर ठेवून जातात. हॉटेलच्या खोलीत मेणबत्तीच्या उजेडात फुलझाडं कशी वाढवावीत यावर एका वृद्धेने लिहिलेलं पुस्तक तिथे येतं. पाच वर्षांचा मुलगा आपल्या तीनचाकीवर लिहून आणतो. ब्राउटिगन स्वतःही एकदा पुस्तक घेऊन येतो. उरलेली कथा ग्रंथपाल आणि त्याची प्रेयसी व्हायडा यांची. कॅलिफोर्नियात गर्भपात तेव्हा बेकायदा, म्हणून त्यासाठी त्यांना सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआनाला जावं लागतं. हा भाग प्रामाणिक आहे, पण पुस्तक लक्षात राहतं ते ग्रंथालयामुळे. टॉड लॉकवूड या वाचकाने १९९० साली व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टन गावी ते खरोखरच उभं केलं. न छापलेली पुस्तकं लोक पाठवू लागले. वर्गीकरणाच्या पद्धतीला मेयोनेजचं नाव, आणि पुस्तकांना टेकू म्हणून मेयोनेजच्या बरण्या. २०१०मध्ये हा संग्रह वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हर गावच्या इतिहास संग्रहालयात गेला, म्हणजे लेखकाच्या जन्मगावाच्या राज्यात.

पुढची चार पुस्तकं झरझर उरकता येतात. १९७४ ते १९७७ या काळात त्याने दरवर्षी एक जुना साहित्यप्रकार घेऊन मोडून बघितला: भुताटकीची वेस्टर्न, रहस्यकथा, जपानी प्रेमकथा, खासगी गुप्तहेराची गोष्ट. 'द हॉकलाइन मॉन्स्टर' मस्त रंगते. तिच्यातला दिसेल ती गोष्ट मोजत राहणारा भाडोत्री मारेकरी विसरता येत नाही. बाकीच्यांत युक्ती दिसते, जीव कमी. आणि हेही सांगायला हवं की त्याच्या पुस्तकांतल्या बऱ्याच स्त्रिया सुंदर असण्यापलीकडे जात नाहीत. आज ते खटकतं, खटकायलाच हवं. 'रिव्हेंज ऑफ द लॉन' हा १९७१चा कथासंग्रह मात्र पहिल्या प्रतीचा. त्यातल्या काही कथा पानभराच्याही नाहीत.

अमेरिकेत नाव उतरत असताना जपानने त्याला उचललं. काझुको फुजिमोतो यांनी १९७५ साली 'ट्राउट फिशिंग'चं जपानी भाषांतर केलं, आणि त्या भाषांतराच्या साध्या, ताज्या गद्याचा ठसा तिथल्या पुढच्या पिढीवर उमटला. हारुकी मुराकामींनी आपल्यावरच्या प्रभावांत व्हॉनेगटबरोबर ब्राउटिगनचं नाव घेतलं आहे. लहानपणी ब्राउटिगन युद्धामुळे जपान्यांचा द्वेष करायचा. घरातला एडवर्ड नावाचा नातलग जपानी बॉम्बने जखमी झाला होता, आणि पुढे तो वारला. सतराव्या वर्षी ब्राउटिगनने जपानी कवी बाशो आणि इस्सा वाचले आणि द्वेष गळू लागला. १९७६ साली तो जपानला गेला. तिथे रोजनिशीसारख्या लिहिलेल्या कविता 'जून थर्टिएथ, जून थर्टिएथ' या संग्रहात आहेत. परतताना तारीखरेषा ओलांडल्यामुळे ३० जून त्याच्या वाट्याला दोनदा आला, म्हणून हे नाव. एडवर्डची हकिगत त्याच संग्रहाच्या प्रस्तावनेत येते. कवी म्हणून तो इथे सर्वांत उघडा, सर्वांत एकटा आहे.

१९८२मध्ये आलेली 'सो द विंड वोन्ट ब्लो इट ऑल अवे' ही हयातीतली शेवटची कादंबरी, आणि माझ्या मते सर्वोत्तम. १९४८ सालचं ऑरेगन, मंदीतून आणि युद्धातून नुकतं बाहेर आलेलं. बारा वर्षांच्या मुलाच्या खिशात थोडे पैसे आहेत. हॅम्बर्गर घ्यावा की बंदुकीच्या गोळ्या? तो गोळ्या घेतो. त्यांतल्याच एका गोळीने सफरचंदाच्या बागेत त्याच्या हातून मित्र मरतो. हे पुढे घडणार हे आपल्याला आधीपासून ठाऊक असतं, आणि मोठा झालेला निवेदक त्या क्षणापर्यंत जायचं टाळत राहतो. टाळता टाळता तो तळ्याकाठच्या एका लठ्ठ जोडप्याचं वर्णन करतो. ते रोज संध्याकाळी ट्रकमधून सोफा, दिवे, टेबल, शेगडी आणून तळ्याकाठी दिवाणखाना मांडतात आणि सोफ्यावर बसून मासे धरतात. निवेदक त्यांच्या प्रत्येक वस्तूची नोंद करतो, कारण यादी संपली की बागेत जावं लागणार. ओढा फुटाच्या भावाने विकणारा लेखक आणि मेयोनेजवर पुस्तक संपवणारा लेखक काय करत होता, ते इथे कळतं. समीक्षकांनी पुस्तकाकडे फारसं लक्ष दिलं नाही आणि ते खपलंही नाही.

१९८४च्या शरदात कॅलिफोर्नियातल्या बोलिनास गावच्या घरी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. मृतदेह सापडला तो २५ ऑक्टोबरला, काही आठवड्यांनी. वय एकोणपन्नास. मागे राहिलेली 'ॲन अनफॉर्च्युनेट वुमन' आधी फ्रेंच भाषांतरात आली आणि इंग्रजीत २०००मध्ये. त्याच वर्षी मुलगी आयँथी हिने वडिलांवर आठवणींचं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याच्या दारूबद्दल आणि दोघांमधल्या प्रेमाबद्दल तिने जे लिहिलंय, ते वाचल्यावर त्याला नुसता गमत्या लेखक म्हणणं अवघड होतं.

नव्या वाचकाने सुरुवात 'ट्राउट फिशिंग'पासून करू नये, असं मी सुचवेन. आधी 'सो द विंड' वाचावी, मग 'रिव्हेंज ऑफ द लॉन'मधल्या कथा, आणि त्यानंतर 'ट्राउट फिशिंग'. म्हणजे त्यातल्या पांढऱ्या पायऱ्या आणि पातळ शरबत नीट दिसतील. 'वॉटरमेलन शुगर' त्यानंतर. गुप्तहेर, भुतं वगैरे हौस असेल तर. कविता सगळ्यांत शेवटी, आणि एका बैठकीत पाच-सहापेक्षा जास्त नको. त्यांतल्या निम्म्या तरी फसलेल्या आहेत. पण उरलेल्या निम्म्यांसाठी फसलेल्या वाचायला माझी हरकत नाही.